सीएम म्हणजे नऊशे

बालभारतीचं पाचवीचं गणिताचं पुस्तक उघडलं की पहिल्याच धड्यात रोम लागतं. तिथवर पोचलेल्या पोराने चार वर्षांत बरंच सोसलेलं असतं. आधी देवनागरी अंक गिरवून झाले. मग तेच अंक वेगळ्या वळणाचे होऊन परत आले आणि त्यांचं नाव ‘आंतरराष्ट्रीय’ पडलं. मधेच २०१९ साली दुसरीच्या पुस्तकाने ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ आणलं आणि घराघरांतल्या आजोबांचं ब्लडप्रेशर वाढवलं. एवढं सगळं पचवून एकावर शून्य दहा ही गोष्ट जेमतेम अंगवळणी पडते, तोच पुस्तक सांगतं की दहा म्हणजे फुली. आता फुलीशी या पोराची जुनी ओळख असते. बाई उत्तर चुकलं की लाल पेनाने काढतात ती फुली. या धड्यानंतर वर्गातलं एखादं तल्लख पोर वही घरी नेऊन फुलीवर बोट ठेवतं आणि म्हणतं, “आई, दहा मिळाले.” आईला रोमन आकडे येत नसतील तर ती खूश होते, आणि येत असतील तर तिला काय बोलावं ते सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळाचा प्रश्न निघतो. तो प्रत्येक वर्गात निघतो, कारण प्रत्येक वर्गात एक तरी मूल असं असतं ज्याच्या घरी आजोबांच्या लग्नातलं भिंतीवरचं घड्याळ आहे.

“बाई, आमच्या घड्याळात चारच्या जागी चार काड्या आहेत.”

“घड्याळ चुकलंय बाळा. चार म्हणजे आय-व्ही.”

“पण ते वेळ बरोबर दाखवतं.”

“त्याचा इथे संबंध नाही. वह्या काढा.”

बाईंचं हे शेवटचं उत्तर गणिताचं नाही. ते तहसील कचेरीच्या खिडकीतून येणारं उत्तर आहे, आणि म्हणूनच ते या धड्याला अगदी शोभून दिसतं. रोमन आकडे अभ्यासक्रमातून काढून टाका अशी मागणी अधूनमधून होते. माझी तशी मागणी नाही. माझं म्हणणं एवढंच की धडा चुकीच्या पुस्तकात छापला गेलाय. तो गणितातून उचलावा आणि सहावीच्या नागरिकशास्त्रात, ग्रामपंचायत आणि जिल्हा प्रशासन यांच्या मधल्या जागेत नेऊन ठेवावा. तिथे त्यातला एकूण एक नियम मुलांना पटेल, आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.

आधी हे गणित का नाही ते बघू. ज्याच्यावर हिशेब करता येतो तो आकडा, अशी साधी समजूत आहे. अडतीस गुणिले एकोणीस रोमन पद्धतीने मांडून बघा. वर तीन फुल्या, एक व्ही आणि तीन काड्या, खाली फुली, काडी, फुली. पोर पेन्सिल चावत विचारतं, “बाई, हातचा कुठे घ्यायचा?” प्रश्न रास्त आहे. हातचा घ्यायला शेजारचं घर लागतं, आणि इथे एककाचंही घर नाही, दशकाचंही नाही, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. बरं, संख्येच्या लांबीवरून काही अंदाज बांधावा तर तेही नाही. अडतीसला सात अक्षरं लागतात आणि पन्नासला एकच एल. तीन हजार आठशे अठ्ठ्याऐंशी लिहायला पंधरा अक्षरं मोजावी लागतात, आणि त्यात एक मिळवला की अक्षरं तेरा होतात. ज्या पद्धतीत एक मिळवल्यावर दोन कमी होतात तिला गणित म्हणायला मन धजत नाही. रोमनांनाही ते धजलं नसावं. ते हिशेब करायचे खड्यांनी, मोजपाटावर, आणि ही अक्षरं वापरायचे फक्त उत्तर लिहायला. म्हणजे काम एकीकडे उरकायचं आणि कागद दुसरीकडे रंगवायचा. निर्णय आधी, इतिवृत्त नंतर. विषय कुठल्या खात्याचा आहे ते इथेच कळायला हवं होतं.

आता नियम बघा. आय म्हणजे एक. हा आय एक्सच्या उजवीकडे बसला की अकरा होतात, डावीकडे बसला की नऊ. आय तोच आहे, त्याची ग्रेड तीच, पगार तोच. फक्त खुर्ची कुठल्या बाजूला टाकली एवढ्यावर साहेबाची किंमत दोनाने खालीवर होते. हे गणिताच्या तासाला मुलांना विचित्र वाटतं, पण ज्याने कुठल्याही ऑफिसात एक आठवडा काढलाय त्याला यात नवीन काही दिसणार नाही. आय, एक्स, सी आणि एम हे लागोपाठ तीनदा येऊ शकतात, चौथ्यांदा नाही. व्ही, एल आणि डी तर दोनदाही येऊ शकत नाहीत. ते मधल्या फळीतले अधिकारी आहेत, एका टेबलावर दोन खपत नाहीत. शिवाय या तिघांना कुणाचंही काही कमी करण्याचा अधिकार नाही. ते कुणाच्या डावीकडे बसून वजाबाकी करूच शकत नाहीत. म्हणून पंचेचाळीस हे व्ही-एल होत नाहीत, एक्स-एल-व्ही होतात.

आणि ही सगळी व्यवस्था जिथे खरी खुलते ती जागा म्हणजे एकोणपन्नास. पोर सरळ मनाने लिहितं आय-एल. पन्नासातून एक गेला, एकोणपन्नास राहिले. तर्कात कुठे बोट ठेवायला जागा नाही. बाई फुली मारतात (आणि पोराला दहा मिळतात). बरोबर उत्तर एक्स-एल-आय-एक्स. नव्व्याण्णवचंही तेच. आय-सी लिहिलं की काम दोन अक्षरांत उरकतं, पण ते चालत नाही, एक्स-सी-आय-एक्स लिहावं लागतं. का? तर आयला फक्त व्ही आणि एक्स यांच्याकडे जाण्याची मुभा आहे. एक्सने एल आणि सीकडे जायचं, सीने डी आणि एमकडे. शिपायाने हेडक्लार्कला ओलांडून थेट कलेक्टरच्या केबिनमध्ये शिरायचं नाही. थ्रू प्रॉपर चॅनल! गणिताच्या पुस्तकात याला ‘नियम’ म्हटलंय आणि कारण दिलेलं नाही. नागरिकशास्त्रात कारण द्यावंच लागत नाही, ही आणखी एक सोय.

यावर कुणी म्हणेल, रोमन लोक शिस्तीचे, त्यांचं साम्राज्य केवढं, त्यांनी काही विचार करूनच नियम केले असतील. गंमत इथेच आहे. पुस्तकात आज हे नियम जितक्या कडकपणे छापतात तितके ते रोमनांच्या गावीही नव्हते. रोममधलं कोलोसियम इसवी सन ८०च्या सुमाराचं. प्रेक्षकांना आपापली जागा सापडावी म्हणून त्याच्या कमानींवर नंबर कोरलेत. चव्वेचाळीस नंबरच्या कमानीवर एक्स-एल आणि पुढे चार काड्या आहेत. म्हणजे चाळीसला वजाबाकी केली आणि चारला आळस. एकाच दगडावर, एकाच संख्येत दोन पद्धती. (तिथे दारं ऐंशी होती. त्यातली शहात्तर नंबरवाली, सामान्य जनतेसाठी आणि बड्या लोकांच्या चार दारांना नंबरच नव्हता. हेही नागरिकशास्त्रात घेता येईल.) त्याहून मोठा पुरावा जर्मनीत सापडला. इसवी सन ९मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात रोमन सैन्याच्या तीन पलटणी कापल्या गेल्या. त्यात मार्कस कीलियस नावाचा एक सेंच्युरियन होता. त्याच्या स्मारकशिळेवर त्याच्या अठराव्या पलटणीचा नंबर एक्स-आय-आय-एक्स असा कोरलाय. वीसला दोन कमी. आज पाचवीतल्या पोराने अठरा असं लिहिलं तर त्याला शून्य मार्क मिळतील. ते शून्य लिहायलाही रोमनांकडे चिन्ह नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे ज्या नियमांसाठी आपण मुलांचे मार्क कापतो ते नियम ज्यांच्या नावाने चालतात त्यांनी पाळलेच नाहीत. चार काड्यांचं आजोबांचं घड्याळ उलट रोमनांना जास्त जवळचं आहे. घड्याळवाल्यांनी चार काड्या का ठेवल्या याच्या कहाण्या बऱ्याच आहेत. कुणी म्हणतं समोरच्या आठाशी तोल साधायला. कुणी म्हणतं आय-व्ही ही ज्युपिटर देवाच्या नावाची पहिली अक्षरं, देवाचं नाव तबकडीवर नको. कुणी फ्रान्सच्या एका राजाच्या लहरीवर ढकलतं. इतकी कारणं सांगितली जातात तेव्हा त्यातलं एकही धड नसतं, हा चौकशी समित्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

बरं, हे जुनं झालं म्हणावं तर विसाव्या शतकातही एकमत नव्हतं. लंडनच्या ॲडमिरल्टी आर्चवर १९१० हे साल एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असं कोरलंय. एक, दोन, तीन, चार सी, सरळ ओळीत. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बिग बेनचं घड्याळ आहे आणि त्यावर चार मात्र आय-व्ही. आर्चवरच्या सालानंतर बरोबर एका वर्षाने पंचम जॉर्ज मुंबईत उतरले. त्यांच्या स्वागताची कमान १९२४मध्ये, म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी पूर्ण झाली, आणि त्या गेटवे ऑफ इंडियावर त्यांच्या आगमनाचं साल कोरलंय एम-सी-एम-एक्स-आय. साम्राज्य एक, राजघराणं एक, आणि नऊशे लिहायच्या रीती दोन. गेटवेवर रोज हजारो लोक त्या अक्षरांकडे पाठ करून सेल्फी काढतात. एखादं पाचवीतलं पोर मान वर करून विचारतं, “बाबा, ते एमसीएमएक्सआय काय आहे?” बाबा फोनमधून डोकं न काढता म्हणतात, “बीएमसीचं काहीतरी असेल.” अमेरिकेत सेंट लुईसच्या कलासंग्रहालयावर १९०३ हे साल एम-डी-सी-डी-तीन काड्या असं कोरलंय. तसं लिहिणारं पोर आपल्याकडे पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर जाईल. आणि या सगळ्यावर कडी केली एक्सेलने. एक्सेलमध्ये संख्या रोमनमध्ये लिहून देणारं फंक्शन आहे आणि त्यात पाच पर्याय आहेत, अगदी कर्मठ ते अगदी मोकळ्या विचारांचा. चारशे नव्व्याण्णव घातले तर पहिला पर्याय सी-डी-एक्स-सी-आय-एक्स देतो आणि शेवटचा सरळ आय-डी. म्हणजे पाचवीत चुकलेल्या पोराने घाबरायचं कारण नाही. त्याने फक्त मोठं होऊन पाचवा पर्याय निवडायचा. मात्र तीन हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे गेलं की एक्सेलही हात वर करतं आणि एरर दाखवतं. अमेरिकेतल्या सुपर बोलचे सामने वर्षानुवर्षं रोमन आकड्यांनी ओळखले जात. २०१६मध्ये पन्नासावा सामना आला आणि नुसता एल बघायला बरा दिसेना, म्हणून त्या एका वर्षापुरते साधे आकडे वापरले. पुढच्या वर्षी परत एल-आय सुरू. वरिष्ठांच्या सोयीसाठी नियम तात्पुरता शिथिल करण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण गणितात मिळणार नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमीचा: उपयोग आहे हो! घड्याळात लागतात, इयत्ता लिहायला लागतात, सेमिस्टरला लागतात, रसायनशास्त्रात लागतात. मान्य. पण घड्याळ बारावर थांबतं आणि इयत्ताही बारावर थांबते. कॉलेजात सेमिस्टर सहा-आठ. लोखंडाचं फेरिक-फेरस दोन-तीनमध्ये आटोपतं. रक्त गोठवणारे घटक डॉक्टर लोक रोमन आकड्यांत लिहितात, तेही तेरापर्यंतच, आणि त्यात सहावा नाहीच! पद मंजूर, जागा रिकामी. पुस्तकांच्या प्रस्तावनेची पानं रोमन आकड्यांत असतात, पण प्रस्तावना वाचायला तिथवर जातंय कोण? महसूल खात्याच्या इंग्रजी नियमांत गाव नमुने रोमन आकड्यांत छापलेले असतात. त्यातले व्ही-आय-आय आणि एक्स-आय-आय हे नमुने शेतकऱ्याने घरी आणले आणि पहिल्या फटक्यात त्यांचं सातबारा करून टाकलं. तलाठ्याकडे जाऊन आजवर कुणी व्हीआयआय-एक्सआयआयचा उतारा मागितलेला नाही. तेव्हा उपयोगाच्या बाजूने जेवढं काही निघतं ते वीसच्या आत भागतं. एल, सी, डी, एम हे चौघे उरतात फक्त इमारतींवरची सालं वाचायला आणि शिष्यवृत्तीच्या गाइडमध्ये ‘खालीलपैकी चुकीची संख्या ओळखा’ हा प्रश्न घालायला.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. रोमन आकड्यांची अडचण अनुभवल्यावरच मुलांना स्थानिक किमतीची आणि शून्याची थोरवी कळते, असं शिक्षक म्हणतात. हेतू चांगला आहे. पण त्यासाठी रोमपर्यंत कशाला जायचं? जुन्नरच्या वर नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्यात आकडे कोरलेले आहेत, राणीने यज्ञांत दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे आणि कार्षापणांचे. त्यातही शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्याशिवाय काय हाल होतात ते दाखवायचं तर आपलंच घरचं उदाहरण सहलीच्या अंतरावर आहे, शेजारी जकातीचा दगडी रांजण मोफत. ६२८मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची ते लिहिलं. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख १२०७चा. त्याच्या पाचच वर्षं आधी, १२०२मध्ये, इटलीतल्या फिबोनाचीने आपल्या लोकांना पुस्तक लिहून सांगितलं की बाबांनो, हे हिंदूंचे नऊ अंक आणि एक शून्य घ्या, सुटाल. इटलीतल्या मोठ्या माणसांनी काय केलं? १२९९मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वहीत नवे अंक वापरायला बंदी घातली. शून्याला शेपूट काढली की सहा किंवा नऊ होतात आणि फसवणूक होते, ही अशा अंकांबद्दलची जुनी भीती. आणि तिच्यात तथ्य नाही असं म्हणवत नाही, कारण आजही चेकवर रक्कम अक्षरी लिहावी लागते. तर ज्या गोष्टीची थोरवी फ्लॉरेन्सच्या सराफांना पटायला इतका वेळ लागला, ती पाचवीतल्या पोराला पस्तीस मिनिटांच्या तासात, तेही आधी चार पानं फुल्या-काड्या काढून, पटावी ही अपेक्षा जरा जास्तच होते. पोराला फक्त एवढंच पटतं की रोमनांना गृहपाठ नव्हता.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो नेमका उलटा आहे. ते म्हणतात, आधी घ्यायचं आणि मग वजा करायचं ही उलटी चाल मुलांच्या डोक्यात जात नाही, बिचाऱ्यांना सोपं काहीतरी द्या. इथे मात्र मी मुलांच्या बाजूने उभा आहे. मराठी मूल एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणत मोठं झालंय. पावणेसहाची शाळा गाठायला त्याला कुणी ‘पाच आणि पाऊण’ असं समजावून सांगितलेलं नाही. पुढच्या घराकडे बघून मागे यायचं हे मराठी माणसाला इतकं सवयीचं आहे की आय-एक्स बघून त्याने दचकायचं काही कारण नाही. इतकंच काय, आय-सी का चालत नाही हेही त्याला लगेच पटायला हवं, कारण एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणणारे आपणही शंभराजवळ आल्यावर एकोणशंभर म्हणत नाही. नव्व्याण्णव म्हणतो. तिथे आपल्यालाही कुणीतरी अडवलेलं आहे. कुणी, कधी, का? कारण दिलेलं नाही. पुन्हा नागरिकशास्त्र.

आणि नागरिकशास्त्रात गेल्यावर सरावाला उदाहरणं किती मिळतील! मुलांना वर्तमानपत्र आणायला सांगायचं आणि मथळ्यातली अक्षरं सोडवायला लावायची. सीएम म्हणजे नऊशे. मूळचे हजार, पण शेजारी डावीकडे कोण बसलंय त्यावर अवलंबून, म्हणून शंभर कमी. डीसीएम ही संख्या लिहिताच येत नाही, कारण नऊशेच्या आधी पाचशे बसू शकत नाहीत. राज्यघटनेतही उपमुख्यमंत्री हे पद कुठे लिहिलेलं नाही, पण रोमन नियम आणि राज्यघटना या दोघांच्याही विरोधाला न जुमानता डीसीएम व्यवस्थित शपथ घेतात. एमएलसी अवैध, कारण एलला सीच्या आधी बसायचा अधिकार नाही. सीआयडी आणि एलआयसी दोन्ही एकाच कलमाखाली अवैध. आय त्याच्या पायरीपेक्षा फार वरच्या माणसांना जाऊन भिडलाय, एका ठिकाणी डीला आणि दुसऱ्या ठिकाणी सीला. एमडी मात्र चोख पंधराशे, हे डॉक्टरांच्या फीवरूनही लक्षात राहतं.

एवढं सगळं मांडल्यावर राहतो तो नागरिकशास्त्राच्या शिक्षकांचा आक्षेप, आणि तोच सगळ्यांत खरा आहे. ते म्हणतील, आमच्या विषयाला मुळात तास किती मिळतात? आठवड्यातून जो काय एखादा तास वेळापत्रकात असतो, त्यात गणिताच्या बाई दारात उभ्या राहून विचारतात, “सर, हा तास मला देता का? माझा पोर्शन राहिलाय.” आणि सर देतात, कारण नागरिकशास्त्राचा पोर्शन कुणाचाच राहत नाही. त्यामुळे धडा हलवायला माझ्या मते आता काहीच हरकत नसावी. तो तिकडे गेला तरी मुलांना त्याच बाई, त्याच फळ्यावर, त्याच फुल्या काढून शिकवतील. फक्त चुकल्यावर मार्क कापायचे कुठल्या विषयातले, एवढं वरच्या कचेरीला पत्र पाठवून विचारावं लागेल. पत्र अर्थातच मुख्याध्यापकांमार्फत.